सिलोनची दालचिनी: अल्बाचे पैसे नक्की कशाचे?

ऑनलाइन दुकानांत ‘सिलोन दालचिनी’ शोधली की पाकिटांची रांग लागते, आणि दर बघून माणूस चक्रावतो. सगळ्यांवर श्रीलंकेचं नाव, सगळ्यांवर ‘प्रीमियम’. एकावर ‘अल्बा’, दुसऱ्यावर ‘सी-५’, तिसऱ्यावर नुसतंच ‘ओरिजिनल’. यातली सगळ्यात स्वस्त घेतली तरी ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडच्या जाड दालचिनीपेक्षा कैक पटींनी महागच पडते. हे परीक्षण त्या पाकिटांतल्या मालाचं आहे: अखंड कांड्यांच्या ग्रेड, तुकडा, पूड आणि तेल. ब्रँडचं नाही, कारण ब्रँड कुठलाही असो, माल बहुतेक करून श्रीलंकेतल्या गाल्ले, मातारा आणि त्यांच्या शेजारच्या जिल्ह्यांतल्याच बागांमधून निघालेला असतो.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. वाण्याकडची दालचिनी वाईट नसते, ती वेगळी असते. चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशियातून येणारी ती साल म्हणजे कॅशिया. आपल्या अन्नसुरक्षा नियमांमध्येही ‘दालचिनी’ आणि ‘तज’ असे दोन वेगळे पदार्थ आहेत. बाजारात मात्र तज सर्रास दालचिनी म्हणूनच विकली जाते. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कांडीचं तोंड बघा. कॅशियाची एकच जाड साल दोन्ही कडांनी आत वळलेली दिसते, मध्ये पोकळी. सिलोनच्या कांडीत कागदासारख्या पातळ सालींचे थरावर थर असतात, घट्ट गुंडाळलेल्या वर्तमानपत्रासारखे. बोटांत दाबली तर सिलोनची कांडी चुरते. कॅशिया बोटांना दाद देत नाही, तिला खलबत्ताच लागतो. पातळ साल पेन्सिलीभोवती गुंडाळता येते, जाड येत नाही. सरकारी भेसळ-तपासणी पुस्तिकेतही हीच खूण दिली आहे. ‘सिगार दालचिनी’ या शब्दावर मात्र भरवसा नको. कॅशियाची सुबक वळलेली कांडीही त्याच नावाने विकतात.

आता ग्रेड. घोळ इथूनच सुरू होतो.

श्रीलंकेत कांड्यांची प्रतवारी मुख्यतः जाडीवर होते. सगळ्यात बारीक अल्बा, व्यास जास्तीत जास्त ६ मिलिमीटर. त्याखाली कॉन्टिनेंटल म्हणजे सी, मग मेक्सिकन म्हणजे एम, आणि सगळ्यात जाड हॅम्बर्ग म्हणजे एच. कुठली ग्रेड कुठल्या गिऱ्हाइकाकडे जायची, ते या नावांवरूनच कळतं. सी-५, एच-१ यांतले आकडे म्हणजे त्या-त्या ग्रेडच्या पोटपायऱ्या. जाडीच्या जोडीला रंग, कांडीची अखंडता आणि सालीवरचे तांबूस डाग बघतात. ग्रेड खाली जाईल तशी डागांना सूट वाढते. या यादीत एक गोष्ट नाही: वास. कांडी किती सुगंधी आहे यावर तिची पायरी ठरत नाही. म्हणजे ‘अल्बा म्हणजे सर्वात चविष्ट’ हे विक्रेत्याचं वाक्य आहे, प्रमाणकाचं नाही.

मग अल्बाचे जास्तीचे पैसे जातात कुठे? हाताला. ते समजायला कांडी बनते कशी हे बघावं लागतं, आणि या सगळ्या धंद्यातला खरा बघण्यासारखा भागही तोच आहे.

दालचिनीचं झाड बागेत झाड म्हणून वाढूच देत नाहीत. बुंधा जमिनीलगत छाटतात, त्याला फुटवे येतात आणि साधारण दीड-दोन वर्षांचा सरळ फुटवा कापतात. तोडणी पावसाच्या बेताने होते. नवी तांबडी पालवी हिरवी व्हायला लागली, खोडात रस खेळू लागला, की साल लाकडापासून अलगद सुटते. कोरड्या दिवसांत तीच साल चिकटून बसते आणि ओढली की फाटते. कापलेला फुटवा त्याच दिवशी सोलावा लागतो. आधी वाकड्या पात्याने वरची खरखरीत साल खरवडून काढतात. मग पितळी दांड्याने आतली साल घासतात, म्हणजे ती लाकडापासून ढिली होते. ठरावीक अंतरावर गोल चिरा, दोन बाजूंना दोन उभ्या चिरा, आणि सुरीचं टोक आत सरकवून साल उचलायची. ही साल थोडी सुकली की एकात एक बसवत ४२ इंच लांबीची कांडी तयार करतात आणि तिच्या पोटात सालीचेच लहान तुकडे भरतात. कांड्या सुकतात छपराखाली, ताणलेल्या दोऱ्यांवर. अधूनमधून फळीवर लाटून घट्ट करतात. कडक उन्हात घाईने वाळवल्या की वाकतात, चिरतात आणि रंग जातो.

अल्बासाठी फुटवा बारीक, सरळ आणि निर्दोष लागतो, आणि साल इतकी पातळ असते की हात जरा चुकला तरी ती तुकड्यात जमा होते. आता हिशेब बघा. अल्बाच्या एका किलोत ४२ इंची कांड्या किमान ४५ भरायला हव्यात, म्हणजे एक कांडी जेमतेम २२ ग्रॅमची. एच-१ मध्ये किलोला सुमारे १० कांड्या, एकेक १०० ग्रॅमची. सोलणाऱ्याला एका किलोसाठी अल्बामध्ये साडेचार पट कांड्या वळाव्या लागतात. दराचा फरक इथून येतो.

सोलणारे कारागीर कमी होत चालले आहेत, हे तिथलं जुनं दुखणं. काम बसून करायचं, पाठ-मान मोडणारं, आणि शेकडो वर्षं जातीशी बांधलेलं. तरुण त्यात यायला तयार नसतात. म्हणून मजुरी रोजावर कमी आणि वाट्यावर जास्त चालते. तयार मालाच्या किमतीचा निम्म्याच्या आसपास वाटा बऱ्याच बागांमध्ये सोलणाऱ्याकडे जातो. जगातल्या फार थोड्या मसाल्यांत काढणीच्या हाताला एवढा हिस्सा मिळत असेल. उरलेल्यात बागवाला, गावातला गोळा करणारा व्यापारी, मोठा व्यापारी, निर्यातदार, आणि इकडे आल्यावर आयातदार, पाकीटवाला, ऑनलाइन दुकान.

या साखळीत माल बिघडतो तो दोन-तीन ठरलेल्या ठिकाणी. पहिलं, ओल. गावातला व्यापारी वजनावर घेतो, त्यामुळे कांडी पुरती सुकायच्या आधी विकण्याचा मोह बागवाल्याला असतो; व्यापारी मग अंदाजाने वजन कापतो, आणि अंदाज कापणाऱ्याच्याच बाजूचा असतो. अशा दमट कांडीला बुरशी धरते ती बाहेरून नव्हे, पोटातल्या भरावाला. वरून सोनेरी दिसणारी कांडी मोडल्यावर आत राखाडी निघते ती अशी. दुसरं, भराव. पोटात त्याच प्रतीची साल घालायची असते. कोणी जाडीभरडी, खरवड नीट न काढलेली साल कोंबतो. पाकिटात तळाला काळपट भुगा आणि लाकडासारखे तुकडे दिसले तर समजायचं. तिसरं, गंधक. रंग उजळावा आणि किडा लागू नये म्हणून कांड्यांना गंधकाची धुरी देतात. युरोपात त्याच्या अवशेषाला मर्यादा आहे, म्हणून तिकडे जाणारा माल तपासून जातो. आपल्याकडे आलेली कांडी फिकट पिवळी, एकसारखी गोरी असेल आणि पाकीट उघडताच नाकाला काडेपेटीसारखा झोंबरा वास आला, तर ती परत पाठवा. चांगल्या सिलोन दालचिनीचा रंग फिकट तपकिरी असतो, थोडा कमीजास्त असतो, आणि वास गोडसर, किंचित लवंगेकडे झुकणारा.

निर्यातदाराच्या शेडमध्ये ४२ इंची कांडी कापली जाते. आपल्याकडे पाकिटात बहुतेक ८ सेंटिमीटरचे तुकडे असतात: एका कांडीचे १३, आणि पावणेतीन सेंटिमीटरचं बुटूक शिल्लक. ही बुटकं, कापताना आणि वाहतुकीत फुटलेल्या कांड्या, सगळं मिळून ‘क्विलिंग्ज’ म्हणून वेगळं विकलं जातं. मराठीत सरळ तुकडा म्हणू. त्याखाली खरवडीच्या आसपासचा माल, चिप्स, तो तेल काढायला जातो.

आता एकेका मालाबद्दल.

अल्बा. दिसायला देखणी, यात वाद नाही. ८ सेंटिमीटरची कांडी पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेर. चव कोवळी, गोड, तिखटपणा जवळजवळ नाही. काळ्या चहाच्या कपात उभी ठेवायला, भेट द्यायला, कॅफेत ताटलीवर दाखवायला छान. घरच्या दुधाच्या चहात ती हरवते. आलं आणि चहापूड तिला बोलूच देत नाहीत. स्वयंपाकासाठी अल्बा घेणं म्हणजे पैठणी नेसून भाजीला जाणं.

सी-५ आणि सी-४. या यादीतली घेण्यासारखी ग्रेड हीच. थर बारीक, मिक्सरमध्ये सहज दळली जाते, वास भरपूर, आणि अल्बापेक्षा स्वस्त. मसाले दूध, खीर, सफरचंदाचा मुरंबा, केक, बिनदुधाचा चहा, या सगळ्यासाठी. दर पाकिटागणिक थोडी जाडी कमीजास्त निघते, ती चालायचीच. हाताने वळलेला माल आहे. विक्रेता सी-५ म्हणत असेल आणि कांडी अंगठ्याएवढी जाड असेल, तर मात्र तो एम किंवा एच आहे आणि तुम्ही सी-५चे पैसे देताय.

एम आणि एच. जाड साल, जरा उग्र, रंगाने गडद, डाग जास्त. मेक्सिको हा श्रीलंकेच्या दालचिनीचा सर्वात मोठा गिऱ्हाईक. तिथे ती चॉकलेटमध्ये, कॉफीत आणि मिठाईत सढळ हाताने पडते, आणि दळायच्या मालाला गोरेपणा कोण विचारतो? आपल्याकडे सुट्या अवस्थेत ही ग्रेड क्वचित नावानिशी विकली जाते, पण मिळाली तर पुलावासाठी आणि वर्षभराच्या साठ्यासाठी सोडू नका. एच-१च्या ८ सेंटिमीटरच्या तुकड्याचं वजन साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा पाककृतीत ‘एक काडी’ लिहिलंय म्हणून अख्खी टाकू नका. ती अल्बाच्या चार-साडेचार काड्यांएवढी आहे. वजनावर चला. चार माणसांच्या पुलावाला दीड-दोन ग्रॅम पुरे.

तुकडा. दळूनच वापरणार असाल तर सर्वात शहाणी खरेदी. चव अखंड कांडीचीच, पैसे कमी. पण विश्वासाच्या ठिकाणाहूनच घ्या, कारण तुकड्यात कॅशियाचे तुकडे मिसळणं सोपं असतं आणि थर बघायला अखंड तोंड नसतं. मूठभर ताटलीत पसरा. जाड, गडद, न चुरणारे तुकडे वेगळे काढा. मुठीत तसे पाच-सहा निघाले तर दुकान बदला.

पूड. विकत घेऊच नका. एक तर दळल्यावर वास काही महिन्यांत उडतो, आणि दुसरं, पुडीत काय आहे हे डोळ्याला कळत नाही. २०२३च्या अखेरीस अमेरिकेत लहान मुलांच्या सफरचंद-दालचिनी प्युरीच्या पाकिटांमध्ये शिसं सापडलं. त्यातली दालचिनी मूळ श्रीलंकेचीच होती. पण तपासात श्रीलंकेहून आलेल्या अखंड कांड्या स्वच्छ निघाल्या. शिसं आणि क्रोमियम शिरलं ते बहुधा इक्वाडोरमध्ये, ती दळली गेली तिथे. बेटावरून निघालेला माल निर्दोष होता, साखळीतल्या एका चक्कीने तो विषारी केला. अखंड कांडीत अशी भेसळ करणं व्यापाऱ्याला परवडत नाही, पुडीत परवडतं.

घरात आधीच आणलेली पूड असेल तर दोन चाचण्या. चमचाभर पूड थोड्या गरम पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवा. कॅशिया बुळबुळीत, जेलीसारखी होते, सिलोनची त्या मानाने पातळ राहते. दुसरी: पुडीच्या काढ्यात टिंक्चर आयोडिनचा थेंब. कॅशियात स्टार्च जास्त, काढा गडद निळा होतो. दोन्ही चाचण्या मिसळलेल्या मालात अर्धवट उत्तर देतात, हे ध्यानात ठेवून वापरा. (चाचणीचा काढा अर्थातच मोरीत.)

तेल. ‘सिनॅमन ऑइल’ नावाच्या स्वस्त बाटलीत बहुतेक पानांचं तेल असतं. त्यात मुख्य घटक युजेनॉल, म्हणून वास लवंगेसारखा. सालीचं तेल वेगळं आणि खूप महाग, त्यात सिनॅमाल्डिहाइड. बाटलीवर ‘बार्क’ की ‘लीफ’ हे लिहिलेलं नसेल तर पानांचंच समजा. दोन्ही त्वचेला झोंबतात. स्वयंपाकात थेंब टाकायचे खेळ नकोत.

या सगळ्यावर एक प्रश्न उरतो: एवढे पैसे मोजून सिलोनची घ्यावीच का? उत्तर तुम्ही दालचिनी किती आणि कशी खाता त्यावर आहे. कॅशियात कूमारिन नावाचा घटक भरपूर असतो, सिलोनमध्ये नाममात्र. कूमारिन जास्त आणि रोज पोटात गेलं तर काही लोकांच्या यकृताला त्रास होतो. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोला ०.१ मिलिग्रॅम ठेवली आहे. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाची ही मर्यादा रोज २ ग्रॅम कॅशियाने गाठली जाते, १५ किलोच्या मुलाची अर्ध्या ग्रॅमने. भाजीच्या मसाल्यातून माणशी तेवढी जात नाही. पण ‘साखर उतरते’ म्हणून रोज सकाळी चमचाभर पूड कोमट पाण्यातून घेणारे घरोघरी आहेत, आणि ती पूड जवळजवळ नेहमी कॅशियाची असते. त्यांनी सिलोनकडे वळावं, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

गोडा मसाला, मालवणी मसाला, मटणाचा रस्सा, बिर्याणी: इथे मात्र कॅशियाच ठेवा. खोबरं, दगडफूल, धणे आणि तळणीच्या तेलात सिलोनची नाजूक चव टिकत नाही. मसाल्याला जो तिखट-गोड धक्का लागतो तो जाड सालीचाच. सिलोनची दालचिनी लवकर वास सोडते आणि लवकर थकते. खिरीत, दुधात, चहात शेवटच्या पाच मिनिटांत टाका आणि झाकण ठेवा. पहिल्यापासून उकळत ठेवली तर सुगंध स्वयंपाकघरात राहतो, भांड्यात नाही.

लेबल वाचताना चार गोष्टी बघा. उगमदेश: आयात मालावर तो छापणं बंधनकारक आहे, आणि ‘भारतात पॅक केलेले’ हे त्याचं उत्तर नव्हे. वनस्पतीचं नाव: सिनॅमोमम व्हेरम किंवा सिनॅमोमम झेलॅनिकम, दोन्ही एकच. नुसतं ‘सिनॅमोमम’ लिहिलं असेल तर पुढचा शब्द मुद्दाम गाळलाय. ‘सिलोन टाइप’ किंवा ‘सिलोन स्टाइल’ म्हणजे सिलोन नाही. आणि भौगोलिक मानांकन: ‘सिलोन सिनॅमन’ला युरोपीय संघाने २०२२ मध्ये संरक्षण दिलं, श्रीलंकेला मिळालेलं असं ते पहिलंच. तिथे दुसऱ्या देशाच्या मालावर हे नाव लावता येत नाही. इकडच्या ऑनलाइन बाजाराला हा धाक नाही, त्यामुळे मादागास्कर किंवा सेशेल्सची व्हेरम ‘सिलोन’ म्हणून खपली तर वरच्या घरगुती चाचण्यांनी ती पकडता येत नाही. वनस्पती एकच, फरक वळणाऱ्या हाताचा. श्रीलंकेच्या निर्यात विकास मंडळाचं ‘प्युअर सिलोन सिनॅमन’ हे चिन्ह पाकिटावर असेल तर बरं.

साठवणीला काचेची घट्ट बरणी, अंधार, शेगडीपासून लांब. अखंड कांडी दोन वर्षं आरामात टिकते. पावसाळ्याआधी बरणी उघडून बघा. तळाशी बारीक पीठ आणि कांडीला टाचणीएवढी भोकं दिसली तर किडा लागलाय, शेजारचे डबेही तपासा.

श्रीलंकेइतक्या लांब जायची गरज नसलेला एक पर्याय कोकणात आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९९२ मध्ये ‘कोकण तेज’ ही जात दिली. ती कॅशिया नव्हे, खरी दालचिनी. नारळाच्या लाखी बागेत, म्हणजे नारळांच्या मधल्या जागेत मसाल्याची झाडं लावलेल्या बागेत, जायफळ आणि मिरीच्या जोडीने ती लावली जाते. साल पातळ, वास सी ग्रेडच्या तोडीचा, पण बहुतेक ठिकाणी ४२ इंची कांडी कोणी वळत नाही, कारण ते हात इकडे नाहीत. सुटी, अर्धवट वळलेली साल पिशवीतून येते. दिसायला ओबडधोबड. ग्रेडच्या कोष्टकात तिला जागा मिळणार नाही, म्हणून दर कमी. बागायतदाराकडून थेट मागवत असाल तर त्याला तीन प्रश्न विचारा: वरची खरखरीत साल पूर्ण खरवडली आहे का, सावलीत किती दिवस सुकवली, आणि गंधक दिलंय का. पहिल्याच वेळी किलो मागवू नका, पाव किलो आणा आणि मोडून आत बघा.